कँटनहून आलेलं कपाट : एका घरगुती संग्रहाच्या तपासणीच्या नोंदी

३ फेब्रुवारी

दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका घरातलं चिनी मातीच्या भांड्यांचं कपाट आजपासून हातात घेतलं. प्रत्येक नगाला क्रमांक द्यायचा, मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि काळ, ठिकाण, आजची अवस्था लिहायची. जे लिहिलं त्याची खात्री किती, तेही नोंदवायचं. घरात तीन भावंडं आहेत. त्यांच्यात वाटणी व्हायची आहे आणि काही नग संग्रहालयाला द्यावेत असंही त्यांच्या मनात आहे. थोरल्या बहिणीला सगळे आंटी म्हणतात, मीही तेच म्हणते. खापरपणजोबा चीनमधल्या कँटन बंदराशी व्यापार करत, भांडी तेव्हापासूनची आणि सगळी 'मिंग', म्हणजे चीनच्या मिंग राजवटीतली आहेत, असं या घरात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं.

तक्ता आखताना तीन रकाने वेगळे ठेवले. पहिल्यात डोळ्यांना दिसतं ते, दुसऱ्यात घरचे सांगतात ते, तिसऱ्यात माझा निष्कर्ष. हे तिन्ही एकात मिसळले की आपल्यानंतर येणाऱ्या माणसाला ते सोडवता येत नाहीत. खात्रीच्या पायऱ्याही तीनच ठेवल्या आहेत: निश्चित, बहुधा, शक्य.

बुडावरचा शिक्का सगळ्यात शेवटी वाचायचा, हा नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवला. चिनी भांड्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं नाव दिसलं की माणूस तिथेच थांबतो आणि पुढचं पाहतच नाही. पण कांगशीच्या काळातले (१६६२–१७२२) कुंभार दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वाचं नाव बिनदिक्कत लिहीत. १६७७ मध्ये जिंगदेझेन या कुंभारांच्या गावाच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर चालू बादशहाचं नाव घालायला मनाई केली होती, म्हणून त्या सुमाराच्या कित्येक भांड्यांवर नुसती दोन रिकामी वर्तुळं किंवा एखादं पान दिसतं. पुढे एकोणिसाव्या शतकात खुद्द कांगशीचंच नाव सर्रास लिहिलं जाऊ लागलं. यातल्या पुष्कळ वेळी फसवण्याचा हेतू नव्हता, थोरांच्या कामाला मान देण्याची ती रीत होती. हेतू कसाही असो, शिक्का म्हणजे जन्मतारीख नव्हे.

५ फेब्रुवारी

निळ्या-पांढऱ्या बशांपासून सुरुवात केली. खिडकीजवळ टेबल, खाली जाड गोधडी, दहापट भिंग, तिरपा प्रकाश. हातात मोजे घालत नाही. झिलईवर मोजा निसटतो आणि बोटांना जे कळतं ते कापडातून कळत नाही. हात मात्र धुऊन कोरडे करायचे, अंगठ्या काढून ठेवायच्या.

क्र. ४ : बशी, व्यास २९ सेंमी. मधोमध खडकावर पक्षी, भोवती काठापर्यंत गेलेले कप्पे, एक रुंद एक अरुंद असे. चित्राची रेघ आधी बारीक काढून मग आत फिका निळा भरला आहे. अंगाने पातळ, हाताला हलकी. पालथी घातल्यावर खरी माहिती मिळाली. बुडावर मधून बाहेर जाणारे बारीक कंप आहेत, कातताना पातं थरथरल्याच्या खुणा. बुडाच्या कडीला भट्टीतली वाळू चिकटून बसली आहे, नख लावलं तरी निघत नाही. काठावर ठिकठिकाणी झिलईचे कण सुटलेत आणि खालची पांढरी माती उघडी पडली आहे. झिलई आणि माती थंड होताना सारख्या आकुंचन पावल्या नाहीत की असं होतं.

ही क्राक जातीची बशी. जिंगदेझेनला वानली बादशहाच्या काळात (१५७३–१६२०) परदेशासाठी असा माल ढिगाने निघाला. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं, त्यावर अशी सुमारे एक लाख भांडी होती असं सांगतात. अ‍ॅमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला आणि युरोपला या निळ्या-पांढऱ्याचं वेड लागलं. १६१३ मध्ये सेंट हेलेनाजवळ बुडालेल्या 'विटे लेऊ' जहाजातही हाच प्रकार सापडला. बुडालेलं जहाज आमच्या कामात फार मोलाचं, कारण त्यातला सगळा माल एका तारखेला समुद्रात जातो आणि त्यानंतर त्यात कोणी भर घालू शकत नाही. क्र. ४ पुढे 'निश्चित' लिहिलं. म्हणजे कपाटात मिंग आहे.

क्र. ५ ही तिची जोडीदार म्हणून शेजारी ठेवलेली होती. तेच कप्पे, तसाच पक्षी. पण माती जाड आणि करडी, निळा गढूळ, आणि बुडाच्या झिलईत गोल मांडलेले तीन बारीक डाग. भट्टीत बूड खचू नये म्हणून खाली टेकू लावतात, ते काढल्यावर राहिलेल्या या खुणा. अशा बशीला असे टेकू जिंगदेझेनचा कुंभार लावत नसे, जपानमधल्या अरिताचा लावी. मिंग सत्ता १६४४ मध्ये कोसळली, चीनमधल्या धुमाळीत माल मिळेनासा झाला, तेव्हा डच कंपनी जपानकडे वळली. १६५९ मध्ये तिने तिथे मोठी मागणी नोंदवली आणि अरिताच्या कुंभारांनी गिऱ्हाइकाला सवयीची असलेली चिनी नक्षी काढून दिली. जोडी तुटली खरी, पण दोन बशा शेजारीशेजारी ठेवल्या की सतराव्या शतकातली एवढी उलथापालथ एका टेबलावर दिसते. वाटणीत या दोन वेगळ्या करू नका, असं शेरा-रकान्यात लिहिलं.

६ फेब्रुवारी

क्र. ६ ते ११ : चहाच्या लहान बशा, बाहेरून तपकिरी, आतून निळ्या-पांढऱ्या. १७५२ मध्ये बुडालेल्या 'गेल्डरमाल्सन' जहाजातून असा तपकिरी पाठीचा माल निघाला होता. त्याचा १९८६ मध्ये लिलाव झाला, त्यामुळे तुलनेसाठी चांगली छायाचित्रं उपलब्ध आहेत. अठराव्या शतकाचा मध्य, बहुधा. एकीला केसतडा, बाकी ठाकठीक.

९ फेब्रुवारी

आज कपाटाचा मोठा भाग बाहेर काढला. जेवणाचा रंगीत संच: ताटं, झाकणाचे वाडगे, मोठं सूपपात्र, फळांची जाळीदार परडी. मध्ये सोनेरी-हिरव्या वर्तुळात पक्षी, भोवती चार कप्पे, एकाआड एक माणसं आणि फुलं-फुलपाखरं. बाजारात याला रोज मेडॅलियन म्हणतात. मुंबईच्या जुन्या पारशी घरांतून कँटनचा असा रंगीत माल आजही निघतो.

आंटी शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. "दिकरा, हे तर नक्की मिंग. माझे पपा सांगायचे."

मी त्यांना गुलाबी रंग भिंगाखाली दाखवला. हा गुलाबी सोन्यापासून होतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत पसरले की असा रंग येतो. चिनी भांड्यांवर तो १७२० च्या दशकात रुळला, त्याच्या जोडीला दाट, अपारदर्शक पांढराही आला, आणि तो मिसळला की पाकळीत गडद ते फिकट अशी छटा देता येऊ लागली. मिंग सत्ता त्याच्या पाऊणशे वर्षं आधी संपली होती. म्हणजे जिथे हा गुलाबी आहे तिथे मिंग असूच शकत नाही, शिक्का काहीही म्हणो. त्यांनी भिंग पुन्हा मागून घेतलं आणि बऱ्याच वेळ एकेक पाकळी पाहत राहिल्या.

हा संच एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. कोरी पांढरी भांडी जिंगदेझेनला भाजून निघायची, नदीतून आणि मेलिंग खिंडीतून हमालांच्या खांद्यांवरून दक्षिणेला कँटनला यायची. तिथल्या रंगशाळांत गिऱ्हाइकाच्या पसंतीने रंगवून कमी आचेवर पुन्हा भाजली जायची. रंग झिलईच्या वर बसलेला असतो, बोट फिरवलं की उंचवटा लागतो. आडव्या प्रकाशात जुन्या रंगाभोवती इंद्रधनुष्यासारखी फिकट झाक दिसते, तीही इथे आहे. ताटांच्या मध्यावर सुरी-काट्याच्या बारीक रेघा, सगळ्या दिशांना, कुठे दाट कुठे विरळ. सोनं काठावर झिजलंय, खोबणीत शाबूत आहे. या संचात खरोखर जेवणं झाली आहेत.

दोन ताटांच्या बुडावर लाल रंगात, रोमन लिपीत 'चायना' असा शिक्का आहे. मालावर मूळ देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला, पुढच्या वर्षापासून तो लागू झाला, आणि मग असे शिक्के दिसू लागले. म्हणजे ही दोन नंतर फुटलेल्यांच्या जागी आणलेली. तिसऱ्या रकान्यात तसं लिहिलं.

१० फेब्रुवारी

कालच्या संचाबद्दल धाकट्या भावाचा फोन. "मग त्याला काही किंमत नाही का?" त्याला जे सांगितलं तेच इथे टिपून ठेवते, कारण प्रस्तावनेत लागेल. बादशाही भट्टीतलं एक भांडं कुठल्याही मोठ्या संग्रहालयात बघायला मिळतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने स्वतःच्या जेवणासाठी कँटनला सांगून आणवलेला, त्याच घराण्यात राहिलेला आणि वापरून झिजलेला अख्खा संच फार क्वचित मिळतो. १७५७ पासून १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत युरोपीय आणि हिंदी व्यापाऱ्यांना समुद्रमार्गे कँटन हे एकच बंदर मोकळं होतं. मुंबईहून तिकडे कापूस आणि अफू जायची, इकडे चहा, रेशीम, साखर आणि ही भांडी यायची. जमशेटजी जीजीभॉयनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ च्या सफरीत चीनकडे जाताना फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं, त्याच जहाजावर विल्यम जार्डिन डॉक्टर होता, आणि पुढे हे दोघे चीन व्यापारातले मोठे भागीदार झाले. अफूने चीनचं काय केलं ते जगाला ठाऊक आहे. संग्रहाच्या प्रस्तावनेत ते लिहायला हवं, नुसतं 'रेशीम आणि चहा' लिहून भागणार नाही. मी आंटींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहा. खरं ते लिहा."

१७ फेब्रुवारी

फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी दालन पाहायला गेले. तिथला बराच भाग सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आला आहे. काचेबाहेरून बुडं दिसत नाहीत, पण पांढऱ्या मातीच्या छटा डोळ्यांत भरून घेता येतात. जिंगदेझेनचा पांढरा थोडा निळसर, फूच्येन प्रांतातल्या देहुआ भट्ट्यांचा दुधाळ. नुसत्या छायाचित्रांवर शिकलेली नजर या फरकात हमखास अडकते, कारण प्रत्येक पडद्यावर पांढरा वेगळा असतो.

२१ फेब्रुवारी

क्र. ३८ : मोठी बशी, निळी-पांढरी, द्राक्षांचे घड, काठाखाली श्वान्दे (१४२६–१४३५) कारकिर्दीची सहा अक्षरं. घरातली सर्वांत 'भारी' वस्तू. आंटींच्या काकांनी ती १९८० च्या दशकात परदेशात विकत घेतली. म्हणजे कँटनच्या मालाशी हिचा संबंध नाही, हे आधी दुसऱ्या रकान्यात लिहिलं.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा निळा पश्चिमेकडून येणाऱ्या कोबाल्टचा, त्यात लोह भरपूर. कुंचल्यावर रंग जास्त साचला की भट्टीत तिथे काळपट ठिपका पडतो, आणि तो झिलईत आत बुडतो. बोटाला तिथे बारीकसा खळगा लागतो, आडव्या प्रकाशात धातूसारखी मंद चमक दिसते. अठराव्या शतकातल्या कुंभारांना हे ठिपके इतके आवडले की त्यांच्याकडचा कोबाल्ट वेगळा असूनही त्यांनी ते कुंचल्याने मुद्दाम टेकवले. म्हणून ठिपका आहे की नाही एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो पानाच्या टोकाशी, रेघ वळते तिथे, रंग साचायच्या जागी आहे का, हे पाहावं लागतं.

या बशीवर ठिपके सगळ्या पानांवर सारख्या अंतराने आहेत. देठावर आहेत, मोकळ्या रेघेच्या मध्यावरही आहेत. एकही आत बुडालेला नाही. मग पान कसं भरलं ते पाहिलं. सुरुवातीच्या मिंग काळात कुंचला लहान असे, एका पानात अनेक फटकारे शेजारीशेजारी दिसतात, गडद-फिकट होत जातात. इथे बाहेरची रेघ आणि आत सपाट भरलेला निळा. आतल्या बाजूला हात फिरवला. जुनी बशी चाकावर वळून, साच्यावर थापून, मग कातून होते, आणि जाडी काठाकडे बदलत जाते. हिची जाडी सगळीकडे एकसारखी आहे, पातळ माती साच्यात ओतून केल्यासारखी. बुडावरची माती तपकिरी पडली आहे, पण तपकिरी रंग खड्ड्यांत कमी आणि उंचवट्यावर जास्त. ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसलं तर बोळा तपकिरी झाला. आतल्या ओरखड्यांना एकच दिशा, पॉलिश कागद फिरवावा तशी, आणि काठापासून मध्यापर्यंत सारखेच दाट.

विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. श्वान्देची नक्कल, वय चढवलेली. निश्चित.

अशी वयं चढवण्याची विद्या जुनी आहे. जिंगदेझेनमध्ये राहिलेल्या फादर दांत्रकोल या फ्रेंच जेझुइटाने १७१२ च्या पत्रात तिथल्या एका अधिकाऱ्याची हकीकत लिहिली आहे. हा गृहस्थ दरबारातल्या आश्रयदात्यांना 'जुनी' भांडी भेट देई, आणि ती स्वतःच बनवून घेई. भाजलेलं भांडं मांसाच्या चरबीदार रश्श्यात शिजवायचं, पुन्हा भाजायचं, आणि मग गावातल्या सर्वांत घाणेरड्या गटारात महिना-दीड महिना पुरून ठेवायचं. बाहेर निघालं की ते तीन-चारशे वर्षांचं म्हणून खपे. त्याच दांत्रकोलने एक पेला सत्तर हातांतून जातो असंही लिहिलं आहे. मला ही दोन वाक्यं जोडीने आठवतात. खऱ्या भांड्यात सत्तर माणसांची सवय असते: मळणाऱ्याची, वळणाऱ्याची, कातणाऱ्याची, नुसती रेघ काढणाऱ्याची, नुसता रंग भरणाऱ्याची. नकला करणाराला शिक्का आणि नक्षी साधते. कातणाऱ्याचा हात साधत नाही, कारण बूड कोणी पाहील असं त्याला वाटत नाही.

आंटींना हे संध्याकाळी सांगितलं. आडवळणाने सांगणं या कामात क्रूरपणाचं असतं, माणूस शेवटपर्यंत आशेवर राहतो. त्यामुळे आधी निष्कर्ष, मग बोळा, मग भिंग. त्यांनी बोळा हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "काकांना माहीत होतं?" त्याचं उत्तर बशीत नाही, तेही मी सांगितलं.

२६ फेब्रुवारी

क्र. ४१ : करुणेची देवी ग्वानयिन हिची मूर्ती, पांढरी, उंची २७ सेंमी, फूच्येन प्रांतातल्या देहुआची. प्रकाशासमोर धरली की कडा उबदार, मधाळ दिसतात. ही उबदार छटा जुन्या देहुआची खूण मानतात, नंतरचं काम थंड पांढऱ्याकडे झुकतं. आतून पोकळ, आणि पोकळीत साच्यात माती दाबलेल्या बोटांचे ठसे स्पष्ट.

खोली अंधारी करून अतिनील टॉर्च फिरवला. उजवा हात मनगटापासून दुधाळ निळा चमकला, बाकी मूर्ती गडद राहिली. हात नंतर राळेने करून बसवलाय. साध्या उजेडात जोड अजिबात दिसत नाही, इतकं सफाईचं काम. सतराव्या शतकाची अखेर ते अठराव्याची सुरुवात, बहुधा. हात: आधुनिक, निश्चित.

२ मार्च

क्र. ४४ : बशी, व्यास २३ सेंमी, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, निर्यातीची निळी-पांढरी, नदीकाठची घरं आणि पूल. या नक्षीच्या बशा जगभर हजारोंनी आहेत. पण ही मधोमध दोन तुकडे झालेली आहे आणि पाठीमागून पितळी टाक्यांनी जोडलेली आहे.

अर्धा दिवस हिच्यावरच गेला. टाके सात. प्रत्येकासाठी तड्याच्या दोन्ही अंगांना एकेक भोक आहे, पण एकही भोक आरपार नाही. बशीची जाडी जेमतेम चार मिलिमीटर, आणि त्या माणसाने हिऱ्याच्या टोकाच्या हातकमानीने निम्म्या जाडीपर्यंत जाऊन थांबायचं ठरवलं होतं. भोकं किंचित एकमेकांकडे कललेली आहेत. पितळी पट्टीच्या दोन पायांमधलं अंतर भोकांच्या अंतरापेक्षा थोडं कमी ठेवून ती ताणून बसवली, की धातू आकसताना दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. डिंक नाही, सिमेंट नाही. भोकांत पांढरी भुकटी भरून वरून गुळगुळीत केलंय. कडेच्या दोन टाक्यांचं पितळ वेगळ्या रंगाचं आहे, म्हणजे तड्याचं टोक पुढे कधीतरी हललं आणि कोणीतरी पुन्हा बसवलं. समोरून पाहिलं तर केसाएवढी एक रेघ. पाणी घालून ठेवलं, तासाभराने खाली कोरडं होतं.

धाकट्या भावाला टाके काढून राळेने नवी जोडणी करून हवी आहे, 'स्वच्छ दिसेल' म्हणून. मी ठाम विरोध लेखी दिला. टाके काढले की चौदा भोकं उरतात. आणि अशी दुरुस्ती त्याच वस्तूची होते जी कोणाला टाकवत नाही. या बशीला बाजारात फार किंमत नव्हती, तरी तिच्यावर एका कारागिराने एवढा वेळ घालवला आणि घरातल्या कोणीतरी त्याचे पैसे मोजले. घराण्याच्या इतिहासात ही नोंद दुसरीकडे कुठेही नाही.

६ मार्च

प्रयोगशाळेच्या चाचणीबद्दल भावंडांची बैठक. थर्मोल्युमिनेसन्स करून घ्या म्हणजे प्रश्नच मिटेल, असा सूर. समजावून सांगितलं ते असं. माती भाजली की तिच्यातल्या खनिजांत साठलेली ऊर्जा निघून जाते आणि घड्याळ शून्यावर येतं. मग नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे ती पुन्हा साठू लागते. नमुना तापवून निघणारा उजेड मोजला की शेवटची भाजणी केव्हा झाली त्याचा अंदाज येतो. पण त्यासाठी भांड्याला भोक पाडावं लागतं, उत्तरात शेकडा वीसएक वर्षांची उणीअधिक चूक धरावी लागते, आणि नकला करणारे भांड्याला कृत्रिम किरणोत्सर्ग देऊन घड्याळ पुढे ढकलू शकतात. हान-तांग काळातल्या थडग्यांतल्या मातीच्या घोड्यांसाठी ती ठीक. १८५० की १८९० अशा प्रश्नाला तिचा उपयोग नाही. आमच्या कपाटातले प्रश्न बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत.

ठरलं: भोक कुठेही नाही. फक्त क्र. ४७ या बरणीच्या निळ्यावर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राने मोजणी, तिला स्पर्शाचीही गरज नाही.

१० मार्च

क्र. ५२ : जाड, जड, सेलाडॉनची म्हणजे हिरवट झिलईची परात, व्यास ३६ सेंमी. आत झिलईखाली कोरलेलं कमळ, इतकं पुसट की तिरप्या प्रकाशाशिवाय दिसत नाही. बुडाच्या आत झिलई नसलेलं एक वलय आणि ते भाजून नारिंगी-तांबडं झालेलं. मातीतलं लोह भट्टी थंड होताना हवेशी भिडलं की हा रंग येतो. ते वलय म्हणजे भट्टीत परात ज्या नळीवर टेकवली तिची जागा. झेज्यांग प्रांतातल्या लोंगच्वान भट्ट्यांची ही पद्धत. चौदावं-पंधरावं शतक, बहुधा. आतली झिलई वापराने पार मंदावली आहे, काठाला दोन टवके.

अख्ख्या घरात ही सर्वांत जुनी. आंटी म्हणाल्या, "ती घोरी. त्यात विष घातलं तर तडकते." हिरव्या भांड्यात विष टिकत नाही ही समजूत मोगलांच्या आणि दख्खनच्या दरबारांत पक्की होती. अशा थाळ्या 'घोरी' म्हणूनच आपल्याकडच्या संग्रहालयांत आहेत. समजूत खोटी, पण तिच्यामुळे हिंदुस्थानात ही जड भांडी शतकानुशतकं सांभाळली गेली. ही कँटनच्या व्यापारातून आलेली नसावी. लोंगच्वानचा माल अरबी समुद्रात त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होता, चौलच्या किनाऱ्यावरही चिनी खापरांचे तुकडे सापडतात. घराणं मूळचं सुरतेचं, तिथे विकत घेतली असेल. 'शक्य' एवढंच लिहिलं.

१३ मार्च

मधली बहीण टोरोंटोला असते. तिला तिचा वाटा तिकडे न्यायचा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे श्वान्देची नक्कल जाऊ शकते, क्राक बशी जाऊ शकत नाही. तिने फोनवर लगेच मान्य केलं आणि नक्कलच मागितली. काकांची तिच्यावर माया होती म्हणे.

१८ मार्च

क्रमांक घातले. आधी पॅरालॉइड या पारदर्शक राळेचा पातळ थर, वर शाईने आकडा, वर पुन्हा थर. हवा तेव्हा अ‍ॅसिटोनने निघतो. चिकटपट्टी कुठेही नाही, सोनेरी कामावर तर हातही नाही. पूर्वी कोणीतरी तीन ताटांवर पट्टी लावून ओढली होती, तिथलं सोनं पट्टीच्या आकारात गेलं आहे.

२२ मार्च

क्र. ४७ ची मोजणी आली. झाकणाची बरणी, निळ्या तडकलेल्या बर्फावर पांढरी प्लमची फुलं, बुडावर दुहेरी वर्तुळात कांगशीची चार अक्षरं. निळ्यात कोबाल्टच्या जोडीला मँगनीज भरपूर. म्हणजे चीनमधल्याच खाणीतला कोबाल्ट, कारखान्यातला शुद्ध केलेला नव्हे. भाऊ खूश: "म्हणजे कांगशी!" नाही. तोच कोबाल्ट दोन शतकांनंतरही वापरात होता. चाचणीने अलीकडची नक्कल बाद केली, एवढंच.

उरलेलं बुडाने सांगितलं. कांगशीच्या चांगल्या कामात कडी घासून गोलसर, गुळगुळीत केलेली असते, माती दाट आणि निर्मळ. इथे कडी चौकोनी कातलेली आणि माती खडूसारखी. बर्फाचे तडे मूळ बरण्यांवर ओल्या, खोल निळ्यात वाहत जातात. इथे ते पट्टीने आखल्यासारखे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या चित्रकारांना आणि संग्राहकांना या प्लमच्या बरण्यांचं वेड लागलं, आणि जिंगदेझेनने त्या पुन्हा भरघोस काढल्या, चार अक्षरी शिक्क्यासकट. ग्वांगशू काळ (१८७५–१९०८), कांगशी धाटणी. बहुधा.

२७ मार्च

यादीचा मसुदा आंटींना वाचून दाखवला. 'मिंग' हा शब्द आता एका क्राक बशीपुढे निश्चित आहे, आणि सेलाडॉनच्या परातीपुढे 'युआन (मिंगच्या आधीची राजवट) अखेर किंवा मिंगचा पूर्वार्ध, बहुधा' असा. क्र. ४ आणि ५ जोडीने, क्र. ४४ टाक्यांसकट, आणि रंगीत संच अख्खा, हे संग्रहालयाला देऊ करायचं ठरलं. सूपपात्राचं झाकण मात्र त्यांना घरी ठेवायचं होतं. झाकण आणि पात्र वेगळं करू नये म्हणून बराच वेळ बोललो. शेवटी त्यांनी त्याऐवजी फळांची परडी ठेवून घेतली. परडीच्या ओळीत 'संचाचा भाग, कुटुंबाकडे' असं लिहिलं, आणि संचाच्या ओळीत परडीचा क्रमांक.